एका मडक्यावर किती जणांची सही?

चाक नाही, साचा नाही, भट्टीही नाही. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात पुएब्लो स्त्रिया मातीच्या वळ्या एकीवर एक रचून मडकी घडवतात. या मडक्यांना जगभर भाव आला तो तळाशी केलेल्या एका सहीमुळे. पण त्या सहीमागे खरे हात किती जणांचे होते?

उन्हाळ्याच्या तोंडावर माठ विकत घेताना घरातली जाणती बाई तो आधी हातात धरते, बोटाने टिचकी मारते आणि कान देऊन ऐकते. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर परत ठेवायचा. माठ कुणी घडवला हे मात्र ती कधी विचारत नाही. कुंभाराने घडवला, एवढे पुरे असते. माठाच्या तळाशी कुणाची सही नसते आणि ती असावी असे कुणाला वाटतही नाही.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी न्यू मेक्सिकोतल्या पुएब्लो गावांतही असेच होते. मडके घरातली बाई करी, घरात वापरी, फुटले की दुसरे करी. त्यावर नाव घालण्याचा प्रश्नच नव्हता. मग बाहेरचे गिऱ्हाईक आले आणि त्याने विचारले, 'हे कुणी केले?' या साध्या प्रश्नाने एका कलेचे भाग्य उजळले, आणि तिच्यापुढे एक पेचही उभा राहिला.

बादली आली, मडके गेले

'पुएब्लो' हा स्पॅनिश शब्द. त्याचा अर्थ गाव. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक या कोरड्या, डोंगराळ मुलखात आले तेव्हा त्यांना मातीच्या, एकावर एक मजले चढवलेल्या घरांची गावे दिसली. तिथल्या लोकांनाही मग तेच नाव पडले. आज न्यू मेक्सिकोत अशी १९ पुएब्लो गावे आहेत. शेजारच्या अॅरिझोना राज्यातील होपी लोकही याच परंपरेतले. गावागावांची भाषा वेगळी, माती वेगळी आणि म्हणून मडकीही वेगळी.

१८८०च्या सुमारास या भागात रेल्वे आली आणि तिच्याबरोबर कारखान्यात तयार झालेली पत्र्याची, चिनीमातीची भांडी आली. पाण्याची बादली पडली तरी फुटत नाही. मग आठवडेच्या आठवडे खपून मडके कशाला करायचे? प्लॅस्टिकच्या घागरी आल्यावर आपल्याकडच्या कुंभारवाड्यात जे झाले, तेच तिथे शंभर वर्षे आधी झाले. घरच्या वापराची मडकी कमी होत गेली. पण त्याच रेल्वेने प्रवासीही आले आणि त्यांना आठवण म्हणून घरी न्यायला काहीतरी हवे होते. ते प्रवासात सहज नेता येईल अशी लहानसहान, स्वस्त मडकी मागू लागले. काम घाईचे झाले आणि हाताची सफाई उतरणीला लागली.

या काळात सँटा फे शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या सॅन इल्डेफोन्सो या छोट्या गावात मारिया नावाची मुलगी आपल्या मावशीजवळ बसून मडकी करायला शिकत होती. तिचा जन्म १८८७च्या सुमाराचा. मावशीचे नाव निकोलासा. शिकवणे म्हणजे धडे नव्हेत. मावशी करी, मुलगी बघे आणि मग स्वतः करून पाही. आपल्याकडे मुली भाकरी थापायला शिकत, तसेच.

चाकाविना गोलाई

हे मडके कसे होते ते पाहण्यासारखे आहे. गावाच्या जमिनीतली माती खणून आणतात. खणण्याआधी मातीला मक्याचे पीठ वाहून प्रार्थना करतात, कारण त्यांच्या लेखी माती ही आई आहे आणि आईकडून घ्यायचे तर विचारून घ्यावे. माती वाळवून, चाळून तिच्यात ज्वालामुखीची बारीक राख मिसळतात. नुसत्या मातीचे मडके सुकताना तडकते. राखेमुळे ते तग धरते. अकोमा या गावी राखेऐवजी जुन्या फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या दळून घालतात. पणजीच्या फुटलेल्या घागरीचा चुरा पणतीच्या नव्या घागरीत जातो!

तळासाठी एक उथळ ताटली घेतात. तिच्यात मातीची पोळी बसवतात. मग तळहातांत माती वळून लांब वळ्या करतात आणि त्या कडेवर गोल फिरवत एकीवर एक चढवतात. बोटांनी सांधे मिटवायचे, भोपळ्याच्या वाळलेल्या कवचाच्या तुकड्याने आतून-बाहेरून खरवडून भिंत पातळ आणि एकसारखी करायची. चाक कुठेच नाही. तरीही चांगल्या हातचे मडके इतके गोल असते की ते चाकावर झाले नाही यावर विश्वास बसत नाही.

मडके पुरते सुकले की घासून गुळगुळीत करतात, त्यावर लाल मातीचा पातळ लेप देतात आणि नदीकाठच्या गुळगुळीत गोट्याने घोटायला बसतात. हे काम सर्वांत नाजूक. लेप ओलसर आहे तोवर घोटून संपवायला हवे. मध्येच उठले, कुणी हाक मारली, मूल रडले म्हणून थांबले, की डाग राहिला. मग सगळे खरवडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हे घोटायचे दगड घरात पिढ्यान्पिढ्या जपले जातात. आजीचा दगड नातीला मिळतो, जसा आपल्याकडे एखादा पाटा-वरवंटा किंवा पितळी डबा मिळतो.

कोंडलेल्या धुराची किमया

शेवटी भाजणी. वारा पडलेली सकाळ पाहून अंगणात लोखंडी जाळीवर मडकी पालथी रचतात. खाली लाकडाच्या ढलप्या, बाजूने पत्रे आणि वर-सभोवती गोवऱ्या. होय, गाईच्या शेणाच्या वाळलेल्या गोवऱ्याच! आग अशीच जळू दिली तर लाल लेपाची मडकी लालच निघतात. काळी हवी असतील तर ऐन भरात आलेल्या आगीवर घोड्याच्या लिदीचा बारीक भुगा पसरून ती दडपतात. ज्वाळा विझतात, धूर आत कोंडतो, हवा मिळत नाही. त्या धुरातली काजळी मातीत मुरते आणि लेपातल्या लोहाचा रंगही पालटतो. राख बाजूला केली की आतून आरशासारखे चकाकणारे काळेभोर मडके निघते.

उत्तर प्रदेशातील आझमगडजवळच्या निझामाबादची काळी भांडी ज्यांनी पाहिली असतील, त्यांना हा रंग ओळखीचा वाटेल. निझामाबादचा कुंभार भांडे चाकावर घडवतो, पण काळा रंग तोही कोंडलेल्या धुरातूनच मिळवतो. हजारो मैलांच्या अंतरावरच्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांना अग्नीने एकच धडा दिला!

पण हीच आग सूडही घेते. मडक्यात थोडा ओलावा राहिला, वारा सुटला, एखादी गोवरी अंगावर पडली, तर आतून फट्कन आवाज येतो. दुरून तो आवाज ऐकणारीला कळते की काही आठवड्यांचे काम गेले. कुठे टवका उडतो, कुठे तडा जातो. राख बाजूला होईपर्यंत कोणते मडके गेले हे कळत नाही.

'मारी' ही सही

१९०४ साली मारियाचे लग्न ज्युलियन मार्टिनेझशी झाले. त्याच वर्षी सेंट लुईस शहरात भरलेल्या जागतिक प्रदर्शनात मडकी घडवून दाखवायला हे जोडपे गेले. पुढे एडगर ली ह्युवेट या पुरातत्त्वज्ञाने गावाजवळच्या पठारावर उत्खनन केले. तिथे सापडलेल्या जुन्या खापऱ्यांवरून पूर्ण मडकी घडवण्याचे काम मारियाकडे आले. ज्युलियन काही वर्षे सँटा फेच्या संग्रहालयात झाडलोटीच्या नोकरीवर होता. झाडता झाडता तो जुन्या भांड्यांवरची नक्षी पाही आणि उतरवून घेई. मारियाच्या मडक्यांवर नक्षी काढणारा हात त्याचाच होता.

काळी चकचकीत मडकी मारियाने शोधून काढली, असे अनेकदा लिहिले जाते. ते खरे नाही. शेजारच्या सँटा क्लारा गावात ती आधीपासून होत होती. या पतीपत्नींनी १९१९च्या सुमारास जे साधले ते वेगळे होते. घोटलेल्या चकचकीत अंगावर ज्युलियनने पातळ मातीने नक्षी काढली. भाजणीनंतर अंग चकाकत राहिले आणि नक्षी निस्तेज काळी उमटली. काळ्यावर काळे! शिंगे असलेला पाण्याचा नाग 'अवान्यू' आणि मडक्याच्या गळ्याभोवती पसरलेली पिसांची ओळ या त्याच्या दोन नक्ष्या तर पुढे गावाची ओळखच झाल्या. पिसांची कल्पना त्याने सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या मिंब्रेस लोकांच्या भांड्यांवरून घेतली होती.

गिऱ्हाइकांना ही मडकी फार आवडली. हे गुपित घरात ठेवले असते तर मार्टिनेझ कुटुंब एकटेच श्रीमंत झाले असते. त्यांनी ते गावाला शिकवले. काही वर्षांतच सॅन इल्डेफोन्सोतील अनेक घरांत काळ्यावर काळी मडकी होऊ लागली आणि शेतीवर कसाबसा जगणाऱ्या गावात रोख पैसा येऊ लागला.

१९२०नंतरच्या काही वर्षांत तिने मडक्यांच्या तळाशी सही करायला सुरुवात केली. सही होती 'मारी'. हे रूप गोऱ्या गिऱ्हाइकांना जवळचे वाटेल, असे तिला सांगण्यात आले होते. म्हणजे पहिली सही करताना तिचे स्वतःचे नावही पुरते तिचे राहिले नाही! त्या सहीत ज्युलियनही नव्हता. मडकी करणे हे तिथे बायकांचे काम मानले जाई. आपल्याकडे कुंभाराचे चाक पुरुषाने फिरवायचे असा दंडक, तिथे नेमके उलटे. पुरुषाने मडक्यावर नाव घालणे कसेसेच वाटे. १९२५च्या सुमारास मात्र 'मारी आणि ज्युलियन' अशी जोडसही दिसू लागली.

आणि आता खरा पेच. सहीचे मडके जास्त किमतीला जाते हे गावातल्या बायकांच्या लक्षात आले. त्या आपापली मडकी घेऊन मारियाकडे येत आणि 'यावर तुझे नाव घाल' म्हणत. मारिया घालत असे! तिला त्यात वावगे काही वाटले नाही. माती एकाच जमिनीची, रीत सगळ्यांची. शेजारणीच्या मडक्याला दोन पैसे जास्त मिळत असतील तर चार अक्षरे लिहायला काय जाते? संग्राहकांना आणि व्यापाऱ्यांना मात्र घाम फुटला. त्यांनी पैसे मोजले होते ते एका हाताचे. शेवटी जाणकारांनी समजावल्यावर ही पद्धत थांबली.

यात चूक कोणाची? गिऱ्हाईक म्हणेल, सही म्हणजे शब्द, तो खरा असला पाहिजे. ते बरोबरच आहे. पण मारियाच्या बाजूने पाहिले तर एका मडक्याला एकच कर्ता असतो, हे तरी कुठे खरे होते? तिच्या स्वतःच्या मडक्यांवर बहीण क्लारा घोटायला बसे, ज्युलियन नक्षी काढी, भाजणीला सारे घर राबे. १९४३मध्ये ज्युलियन वारला. त्यानंतर मोठ्या मुलाची बायको सांताना नक्षी काढू लागली आणि तळाशी 'मारी आणि सांताना' अशी सही आली. सासूच्या बरोबरीने सुनेचे नाव! १९५६पासून मुलगा पोपोवी दा हा जोडीदार झाला, तेव्हा 'मारिया' हे तिचे खरे नाव मडक्यावर परतले. २० जुलै १९८० रोजी ती वारली, तेव्हा तिच्या नावाची मडकी मोठमोठ्या संग्रहालयांत पोहोचली होती. आज लिलावात त्यांना हजारो डॉलर पडतात. त्यांचे तळ पाहिले तर एका बाईची नव्हे, एका घराची कुळकथा वाचायला मिळते.

नजर गेली, बोटे राहिली

हे केवळ मारियाच्या घरचे नाही. अॅरिझोनातील होपी मुलखात नाम्पेयो ही तिच्याही आधीची थोर कलावंत. सिक्यात्की नावाच्या जुन्या उजाड गावाच्या खापऱ्यांवरून तिने पिवळसर मडक्यांची आणि पक्ष्यांच्या, पिसांच्या डौलदार नक्षीची शैली पुन्हा जिवंत केली. पुढे डोळ्यांच्या आजाराने तिची नजर गेली. नक्षीकाम करणारीची नजर जाणे म्हणजे सारे संपलेच! पण नाम्पेयोने वळ्या रचणे थांबवले नाही. बोटांच्या स्पर्शावर ती मडके घडवी आणि मुली त्यावर नक्षी काढत. १९४२मध्ये ती गेली. तिच्या घराण्यात आजही मडकी होतात.

कोचिती गावच्या हेलन कॉर्डेरोची कथा तर प्रत्येक आजी-आजोबांनी ऐकावी अशी आहे. तिची मडकी काही केल्या नीट होत नव्हती, वाकडी होत. म्हणून ती मातीच्या बाहुल्या करू लागली. त्या गावात मुलाला घेऊन बसलेल्या आईच्या बाहुल्यांची रीत होतीच. १९६४मध्ये एका संग्राहकाने तिला जरा मोठी, जास्त मुलांची बाहुली करायला सुचवले. हेलनला आठवले ते आपले आजोबा, गावाला गोष्टी सांगणारे. तिने डोळे मिटून, तोंड उघडून गोष्ट सांगणारे आजोबा घडवले आणि त्यांच्या अंगाखांद्यावर पाच नातवंडे बसवली. पुढे पुढे ही नातवंडे वीस-तीसपर्यंत वाढली! 'गोष्ट सांगणारा' ही बाहुली इतकी आवडली की इतर अनेक पुएब्लो गावांतही ती होऊ लागली. हजारो घरांच्या फडताळांवर बसलेले ते आजोबा एका नातीच्या आठवणीतून आले आहेत.

सही खरी, मडके खोटे

नावाला भाव आला की नकलाही येतात. आज दुकानांत पुएब्लो नक्षीची अशी भांडी मिळतात, जी कारखान्यातल्या साच्यात ओतलेली असतात आणि ज्यांच्यावर फक्त रंगकाम हाताने केलेले असते. काही तर भलत्याच देशांतून येतात. यावर अमेरिकेत १९९०मध्ये कायदा कडक करण्यात आला. मूळ रहिवासी जमातींच्या कारागिराने न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकली, तर पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा चांगला आहे. पण तो वस्तू कुणी केली एवढेच विचारतो, कशी केली हे नाही. साच्यातले भांडे पुएब्लो माणसाने रंगवले तर ते हाताने वळलेल्या मडक्याशेजारी स्वस्तात विकायला बसू शकते.

गावातल्या कारागिरांतही मतभेद आहेत. काही जण विजेच्या भट्टीत भाजतात. अंगणातली आग एका क्षणात महिनाभराची कमाई गिळते, घर त्यावर चालत असेल तर धोका कुठवर पत्करायचा, असा त्यांचा सवाल. दुसरे म्हणतात, भट्टीचे मडके सुंदर असेल, पण आगीच्या हवाली करण्याची जी रीत आहे ती गेली की मग उरले काय? काळ्या मडक्यांपुरता हा वाद आगीनेच सोडवला आहे. साध्या विजेच्या भट्टीत धूर कोंडत नाही, म्हणून ती काळी किमयाही तिथे होत नाही.

मुलामुलींकडे अमेरिकेला गेलेली मंडळी हल्ली ग्रँड कॅनियनच्या निमित्ताने या भागात फिरतात. सँटा फेच्या जुन्या राजवाड्याच्या ओसरीत मूळ रहिवासी कारागीर आपला माल घेऊन स्वतः बसतात. १९२२पासून भरणारा मोठा बाजारही दरवर्षी ऑगस्टमध्ये असतो. तिथे मडके घ्यायचे झाले तर सरळ विचारावे : माती कुठली, वळून केले की साच्यात, भाजले कुठे? कारागीर आनंदाने सांगतो. परवानगी घेऊन आत हात घालून पाहावे. हाताने वळलेल्या मडक्याच्या आत बोटांचा हलका चढउतार लागतो. आणि एक लक्षात ठेवावे, काळ्या मडक्यात पाणी भरू नये. ते कमी आचेवर भाजलेले असते, पाणी झिरपते आणि झळाळी जाते. पाण्याला आपला माठच बरा!

मात्र पैसे देऊन झाल्यावर मडके उलटे करून तळाची सही जरूर वाचावी. तिथे एकच नाव असेल. विकणाऱ्या बाईला विचारावे, घोटायला कुणी शिकवले? तो दगड कुणाचा? बहुधा ती आईचे, मावशीचे, आजीचे नाव सांगेल. ती नावे मडक्यावर मावत नाहीत, म्हणून लिहिलेली नसतात. शेजारणींच्या मडक्यांवर सही करणाऱ्या मारियाला कदाचित हेच माहीत होते.